सोळा नंबर पुन्हा निघाला

ऋतुजा आमच्याकडे राहायला आली त्या दिवशी ती पप्पांच्या पाया पडायला वाकली आणि पप्पा दोन पावलं मागे सरकले. "आगं, भाचीनं मामाच्या पाया पडायचं नसतं. उलटं असतंय," असं म्हणत ते स्वतःच वाकले, तिच्या पायांना हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. मग दोघंही हसले. मी पलंगावर पाय वर घेऊन बसले होते, मांडीवर लॅपटॉप होता. मला पप्पांचं ते हसणं नवीन होतं. म्हणजे ते हसायचे, टीव्ही बघताना हसायचे, खालच्या कट्ट्यावर मित्रांत बसले की हसायचे, पण आमच्या खोलीत, दारातून आत आल्यावर, कुणा पोरीकडे बघून ते इतकं मोकळं हसलेले मी पाहिले नव्हते. आणि त्या घरात तोवर पोर एकच होती.

आमची खोली कोपरखैरण्यात, चार मजली बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि ग्रिल लावून बंद केलेली गॅलरी, जिच्यात वॉशिंग मशीन, कांद्याची जाळीची पिशवी आणि माझं टेबल होतं. बिल्डिंगमध्ये अठ्ठेचाळीस खोल्या. निम्मे लोक आमच्यासारखे साताऱ्याकडचे, मार्केटात ओझी उचलणारे किंवा उचलून आता थकलेले, बाकीचे नोकरीवाले. पप्पा तुर्भ्याला कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. पहाटे जायचे, दुपारी यायचे, आणि ते आले की जिन्यातूनच कांद्याच्या टरफलांचा आणि गोणपाटाचा वास वर यायचा. मला लहानपणी त्या वासाची लाज वाटायची. हे मी आता सरळ लिहू शकते, कारण आता तो वास नाही आणि मला तो हवा असतो. भिंती इतक्या पातळ की शेजारच्या खोलीतल्या कुकरची शिट्टी आपली की त्यांची हे कळायला मम्मी गॅसकडे बघायची. सकाळी साडेपाचला पाणी यायचं आणि सगळ्या बिल्डिंगभर पिंपात नळाची धार पडल्याचा एकच आवाज व्हायचा, खालून वर चढत गेल्यासारखा.

मला इंग्लिश मीडियममध्ये घातलं ते पप्पांनीच. मम्मी म्हणत होती, महापालिकेची शाळा जवळ आहे, कशाला. पप्पांनी ऐकलं नाही. पण शाळेत पालकांना बोलावलं की ते गेटपर्यंत यायचे, आत मम्मी जायची. मी मोठी होत गेले तसे ते माझ्याशी जपून बोलायला लागले. बँकेतल्या माणसाशी बोलावं तसं. "पिंकी, तुझं जेवण झालं आहे का? अभ्यास व्यवस्थित चालू आहे ना?" एकेक शब्द धुऊन ठेवल्यासारखा. मीही तसंच उत्तर द्यायचे. "हो पप्पा. चालू आहे." मला वाटायचं, वडील असेच असतात.

आणि मग ऋतुजा आली. माझ्या आत्याची मुलगी, सातारा जिल्ह्यातल्या गावातून, बारावी झालेली, शाळा मराठी माध्यमाची, गणितात तालुक्याला नाव काढलेली. तिच्या वडिलांनी एक वर्षाची परवानगी दिली होती. मामाकडे राहून कॉलेज करू दे, जमलं तर ठीक, काही भानगड झाली तर परत गावी. वाशीच्या ज्या कॉलेजात मी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होते तिथंच तिला पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला. माझ्या पलंगाखाली तिची गादी, माझ्या टेबलाच्या अर्ध्या भागावर तिची पुस्तकं, आणि लॅपटॉप दोघींचा. तो पप्पांनी माझ्यासाठी घेतला होता. पण "दोघींचा" हा शब्द पप्पांनी पहिल्याच दिवशी इतक्या सहज वापरला की मी मान हलवली.

दुपारी पप्पा आले की दोघं जेवायला बसायचे. भाकरी कुस्करायची, त्यावर दूध ओतायचं, चिमूटभर मीठ, आणि सोबत आत्याने पाठवलेला खर्डा. आमच्या घरात तोपर्यंत असं जेवणारे पप्पा एकटेच होते. मी चपाती-भाजी चमच्याने खाणारी. ऋतुजा पाची बोटांनी काला कालवायची आणि पप्पा तिला विचारायचे, "तुमच्यातली म्हस याली का गं?"

"याली की मामा. रेडी झाली."

"आन् माळाची हीर?"

"हिरीला पाणी हाय. पण आप्पांनी मोटर जाळली."

"जाळली? व्हय? दाजींना कवाच कळायचं न्हाई त्यातलं!"

आणि दोघं पोट धरून हसायचे. मोटर जळण्यात हसण्यासारखं काय होतं मला कळायचं नाही. मी गॅलरीतल्या टेबलाशी पाठमोरी बसून ऐकायचे. पप्पांचा आवाजच वेगळा व्हायचा, रुंद व्हायचा, त्यातले शब्द मी ओळखायचे पण ते माझ्याकडे कधी आलेले नव्हते. हेवा हा शब्द मला तेव्हा मराठीत सुचला नसता. मी फक्त उगाच कीबोर्ड जोरात बडवायचे.

कॉलेज तरी माझं होतं, असं मी धरून चालले होते. इंग्रजीमुळे. पहिले दोन महिने ती सरांचं बोलणं वहीत मराठी अक्षरांत उतरवायची आणि संध्याकाळी मला विचारायची, "पिंकी, हे 'इटरेट' म्हंजे काय गं?" मी सांगायचे, आणि सांगताना मला बरं वाटायचं. मग पायथॉनमध्ये 'सेट' आला. ती एकदम म्हणाली, "अगं, हा तर संच! नववीला होता आम्हाला. तोच महिरपी कंस!" मी 'सेट' ही गोष्ट पाठ केली होती: एक वस्तू एकदाच, क्रमाला अर्थ नाही, एकातून दुसरा वजा करता येतो. तिने ती पाठ केलीच नाही. तिने मम्मीच्या मांडणीकडे बोट दाखवलं. "हा स्टीलच्या डब्यांचा संच. ह्यातले मामींनी घासायला काढलेले वजा केले की मांडणीत उरले ते." मम्मी म्हणाली, "बघ, किती सोपं करून सांगते." मी वर्षभर आधी हेच शिकले होते आणि मम्मीला कधी सांगावंसं वाटलं नव्हतं.

गणपतीच्या आधीचा तो महिना. आमच्या बिल्डिंगचा पाच दिवसांचा गणपती, आणि रोजच्या संध्याकाळच्या आरतीचा मान एका खोलीला, जोडीने. वर्षाला पाच खोल्या. एकदा मान झाला की सगळ्यांचा होईपर्यंत पुन्हा नाही. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घालून काढायचे, आणि दर वर्षी कुणीतरी म्हणायचं की चिठ्ठीची घडी जाड होती, बोटाला लागत होती. मागच्या वर्षी तर दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं. म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी पाटील काका आमच्या दारात आले. ते इथल्याच गावचे, आगरी, बिल्डिंग उभी राहायच्या आधी इथं त्यांची शेती होती असं ते कुणालाही आणि कधीही सांगायचे. दारातूनच म्हणाले, "क्या रे भाऊ, तुजी पोर कॉम्प्युटर शिकते ना? यंदा नंबर कॉम्प्युटरवर काढायचं. कोनी बोंबलायला नको."

मी आतून ऐकत होते. ते माझ्याबद्दल बोलत होते. बिल्डिंगमध्ये 'कॉम्प्युटरवाली पोर' म्हणजे मी. मी केसांवरून हातसुद्धा फिरवला.

पप्पा म्हणाले, "आमच्या ऋतूला सांगतो. ती करंल. पिंकीला असल्यात नका घालू, तिला माणसांत बोलायचं आवडत नाही."

हे त्यांनी प्रेमाने म्हटलं होतं. त्यांना खरंच वाटत होतं की ते मला वाचवताहेत. हे समजायला मला बरीच वर्षं लागली, आणि आता समजतं म्हणून तेव्हाचं काही कमी होत नाही.

ऋतुजाने दोन दिवसांत प्रोग्रॅम लिहिला. बारा-पंधरा ओळींचाच होता. एक संच सगळ्या खोल्यांचा, एक ते अठ्ठेचाळीस, तो पायथॉनच तयार करतो. दुसरा संच मागच्या चार वर्षांत मान झालेल्या वीस खोल्यांचा, तो पाटील काकांच्या वहीतून बघून टाइप करायचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतात त्या मान न झालेल्या खोल्या, आणि त्यांतून यंत्राने कुठलीही एक उचलायची. शनिवारी दुपारी, पप्पा झोपले असताना, तिने मला गॅलरीत बोलावलं. "बघ ना गं जरा. काही चुकलंय का."

मी वाकून बघितलं. तिने दोन्ही संच स्क्रीनवर छापून घेतले होते. पहिल्या संचात आकडे होते, साधे. दुसऱ्या संचातल्या प्रत्येक आकड्याच्या दोन्ही बाजूंना एकेरी अवतरणचिन्हं होती.

मला लगेच कळलं. आदल्या वर्षी प्रॅक्टिकलला मीच ही चूक केली होती आणि सरांनी मला वर्गासमोर उभं करून ती समजावली होती. कीबोर्डवरून जे काही टाइप कराल ते पायथॉन मजकूर म्हणून घेतो. तुम्ही सोळा टाइप केलं तरी त्याच्या लेखी ते एक आणि सहा ह्या चिन्हांचं लिखाण असतं, सोळा ही संख्या नसते. त्याची संख्या तुम्ही करून द्यायची असते, 'इंट' लिहून. नाही दिली, तर आकड्यांच्या संचातून मजकुराचा संच वजा करताना पायथॉन बघतो, ह्यातलं एकही त्यात नाही, आणि काहीच वजा करत नाही. वाईट भाग हा की तो तक्रारही करत नाही. लाल अक्षरात काही येत नाही. प्रोग्रॅम चालतो, नंबर देतो, आणि सगळं नीट झाल्यासारखं दिसतं.

ऋतुजाने स्क्रीनवर बोट ठेवलं. "ह्यांनाच दोन्ही बाजूंनी ही चिन्हं का लागलीत गं? वरच्यांना न्हाईत."

तिने बरोबर तिथंच बोट ठेवलं होतं. इंग्रजी धड न येणारी, लॅपटॉप दोन-तीन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा हातात धरलेली ही मुलगी, तिने न शिकवता ते पाहिलं होतं. मी वर्गात रडवेली होईपर्यंत मला ते दिसलं नव्हतं. आतून पप्पांचं घोरणं येत होतं. मम्मी खाली दळणाला गेली होती.

"ते फक्त दिसायला असतं," मी म्हणाले. "टाइप केलेलं असं दिसतं. काही नाही त्यात."

"मग बरोबर आहे सगळं?"

"हो. बरोबर आहे."

तिने दोनदा चालवून बघितलं. एकदा चव्वेचाळीस आला, एकदा तीन. दोन्ही खोल्यांचा मान झालेला नव्हता. उरलेल्या खोल्या मोजून बघितल्या असत्या तर अठ्ठावीसऐवजी अठ्ठेचाळीस आल्या असत्या, पण तिने मोजल्या नाहीत, कारण तिने मला विचारलं होतं. "थँक्यू गं," ती म्हणाली, आणि तिने तिच्या डब्यातला शेंगदाण्याचा लाडू मोडून अर्धा मला दिला. मी तो खाल्ला.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता खालच्या मोकळ्या जागेत सतरंज्या टाकल्या. बायका एका बाजूला, पुरुष खुर्च्यांवर. मधल्या टेबलावर माझा लॅपटॉप, वरच्या खोलीतून ओढलेली वायर, आणि टेबलामागे ऋतुजा, आत्याने दिलेल्या मोरपंखी ड्रेसमध्ये. पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते तिच्या मागे उभे होते, हात मागे बांधून, एखाद्या पाहुण्याला आणल्यासारखे. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले. मला बघायचं होतं, आणि दिसायचं नव्हतं.

पाटील काकांनी वही उघडली आणि झालेल्या खोल्या वाचल्या. ऋतुजाने टाइप केल्या. "चला, काढ पयला," काका म्हणाले. एक्केचाळीस. एक्केचाळीसवाल्या जोडप्याने हात जोडले, टाळ्या झाल्या. दुसरा, नऊ. नऊ नंबरच्या काकू रडायलाच लागल्या, त्यांना चार वर्षं मान आला नव्हता. मला प्रत्येक नंबरला हायसं वाटत होतं आणि लगेच राग येत होता. वाटत होतं, असेच पाचही बरोबर निघतील आणि ही मुलगी बिल्डिंगची लाडकी होऊन बसेल. आणि वाटत होतं, निघू देत बरोबर, संपू दे. ह्यातलं जास्त कुठलं होतं ते मला आजही ठरवता येत नाही.

तिसरा नंबर ऋतुजाने वाचला आणि तिचा आवाज शेवटच्या अक्षरावर बसला. "सोळा."

सोळा नंबर म्हणजे आमची खोली. आमच्या आरतीला दोन वर्षं झाली होती. पप्पा-मम्मीचा जोडीने आरती करतानाचा फोटो आमच्या फ्रीजवर होता.

 एकतीस नंबरच्या शिंदे काकू उठल्या. त्या बिल्डिंगमध्ये पहिल्यापासून, अंगाने किरकोळ, आवाजाने नाही. त्यांच्या खोलीचा मान अजून व्हायचा होता. "वा गं वा! मामाच्या घरात भाची, भाचीच्या हातात कॉम्प्युटर. मग नंबर कुनाचा निघनार, आमचा?"

"सेटिंग केली की," मागून कुणी म्हणालं.

"चिठ्ठ्या तरी बोटाला लागायच्या. हे तर दिसत पन नाय."

"आमी काय येडे हाय का इथे बसायला?"

"थांबा रे, थांबा!" पाटील काका ओरडले. "कोनी बोंबलू नका. पोर हाय ती."

ऋतुजा लॅपटॉपकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते, ती ओळी वाचत होती, वरून खाली आणि पुन्हा वरून. पप्पा पुढे आले. मार्केटात पप्पांच्या शब्दावर गोण्या न मोजता उतरवून घेत, हे मी त्यांच्या मित्रांकडून ऐकलेलं होतं. ते सगळ्यांपुढे हात जोडून उभे राहिले. "आमचा मान झालेला आहे. आम्हाला नको. काहीतरी चुकलंय, पण माझ्या भाचीनं मुद्दाम काही केलेलं नाही." शिंदे काकू म्हणाल्या, "चुकलं ते बरोबर तुमच्याच घरावर चुकलं का?" पप्पांच्या मानेवर, जिथं ओझ्याने कातडी जाड झाली होती, तिथं लाली चढलेली मला पायरीवरून दिसली.

मग त्यांनी वळून जिन्याकडे पाहिलं. मी तिथं बसलेय हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. "पिंकी, जरा बघ गं."

मी गेले. लोकांमधून चालत जाताना मला माझ्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. मी खुर्चीवर बसलेसुद्धा नाही. उभ्यानेच त्या एका ओळीवर गेले, जिथं टाइप केलेले नंबर तोडून संच बनत होता, आणि प्रत्येक तुकड्याला 'इंट' लावून दिलं. अर्धं मिनिट लागलं असेल.  मी कुठलीही ओळ वाचली नव्हती. मी शोधलं नव्हतं. मी सरळ तिथं गेले होते. शेजारी ऋतुजा माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघितलं नाही.

नंबर पुन्हा टाइप करायचे होते. पाटील काका वाचू लागले, "सव्वीस, सदतीस, एकोनचाळीस..." आणि मी सदतीसला अडकले. इंग्लिश मीडियमवाल्यांना हे कळेल. सदतीस म्हणजे थर्टी-सेव्हन, की फोर्टी-सेव्हन, बोटं हवेत राहिली. "तीन सात," ऋतुजा हळूच म्हणाली. "आता तीन नऊ." ती माझ्या कानाशी एकेक आकडा सांगत गेली आणि मी टाइप करत गेले. वीसही झाले, वर आज निघालेले एक्केचाळीस आणि नऊ. आता कंसात एकाही आकड्याला चिन्ह नव्हतं आणि उरलेल्या खोल्या सव्वीस होत्या. मी त्या छापून पाटील काकांना दाखवल्या, त्यांनी वहीशी ताडून बघितल्या. पुढचे तीन नंबर नीट निघाले. एकतीस त्यांत नव्हता.

लोक उठताना मला ऐकू येत होतं. "घरचीच पोर प्रामाणिक निघाली म्हनून कळलं." "ती गावाकडची, दिसते साधी." पाटील काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला जे हवं होतं ते सगळं मला त्या दहा मिनिटांत मिळालं.

वर आल्यावर मम्मीने दार लावलं आणि कुकर चढवला. ऋतुजाने पलंगाखालून तिची बॅग ओढली. "मामा, मी उद्या गावी जाते. माझ्यामुळं तुम्हाला खाली मान घालायला लागली."

"गप. जायची कुठं?" पप्पा म्हणाले. पण त्यांचा आवाज थकलेला होता, आणि ते खाली बसले. मग त्यांनी मला विचारलं, "पिंकी, तू काल बघितलं होतंस ना? ऋतू म्हणत होती, पिंकीनं तपासलंय."

मी तोंड उघडण्याआधी ऋतुजा म्हणाली, "तिनं सांगितलं होतं मामा. ती ओळ बदल म्हणून सांगितलं होतं. मीच ऐकलं न्हाई."

"आगं मग ऐकायचं की!" पप्पा तिच्यावर पहिल्यांदा चढल्या आवाजात बोलले. ऋतुजा खाली मान घालून बॅगेत कपडे भरत राहिली. आणि पप्पांनी हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला. जड, खरखरीत हात. "हुशार आहे माझी पिंकी."

मला काही करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं हीच तर माझी ख्याती होती. सकाळच्या एसटीने ती गेली असती. टेबल माझं, लॅपटॉप माझा, दुपार माझी. पण त्या क्षणी मला तिचा जितका हेवा वाटला तितका आधी कधीच वाटला नव्हता. म्हशीवरून हसण्याचा नाही, संचाचाही नाही. ती माझ्यासाठी इतक्या सहज खोटं बोलू शकली ह्याचा. मी तिच्या जागी असते तर बोलले नसते हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि ते मला सहन होईना. म्हणजे मी पुढे जे बोलले ते चांगुलपणाने बोलले असं कुणी समजू नये.

"मी नव्हतं सांगितलं," मी म्हणाले. "तिने मला विचारलं होतं. मला माहीत होतं. मी म्हटलं, बरोबर आहे."

पप्पांचा हात लगेच गेला नाही. तो थोडा वेळ तसाच राहिला, जसं काही त्यांना ऐकू यायला उशीर झाला. मग त्यांनी तो काढून गुडघ्यावर ठेवला. मम्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात पळी. "पिंकी!" एवढंच ती म्हणाली.

"चप्पल घाल," पप्पा म्हणाले.

त्यांनी मला शिंदे काकूंच्या दारात नेलं. दुसरा मजला, एकतीस नंबर. त्यांनी बेल वाजवली आणि बाजूला सरून उभे राहिले. मी माझ्याच बिल्डिंगमध्ये कुणाच्या दारात जाऊन कधी काही बोलले नव्हते. काकूंनी दार उघडलं, हात पिठाचे. मी म्हणाले, "काकू, ऋतुजाने काही सेटिंग नव्हती केली. तिची चूक झाली होती आणि मला ती कालच दिसली होती. मी मुद्दाम नाही सांगितलं."

"मुद्दाम? का गं बाई?"

 काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग पप्पांकडे, मग परत माझ्याकडे, आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "अस्सं. मामाची लाडकी झाली म्हनून?" त्या सहज बोलल्या, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा. "माझ्या धाकट्या जावेचं आन् माझं असंच होतं. सासूबाई तिच्या हातचीच भाकरी खायच्या. मी एकदा तिच्या पिठात मूठभर मीठ टाकलं होतं, आजपर्यंत कुनाला सांगितलं नाय." मग त्यांना पप्पा तिथं असल्याची आठवण झाली. "तुमी ऐकलं नाय काय ते, भाऊ. आणि उद्या मी सांगते सगळ्यांना. पोरीचं नाव खराब नको."

"सांगा," पप्पा म्हणाले. "पिंकीचंही नाव सांगा."

"ते तर सांगनारच," काकू म्हणाल्या आणि त्यांनी दार लावलं. आणि त्यांनी सांगितलंही. त्यानंतर कितीतरी दिवस जिन्यात मला बघून बायका बोलायच्या थांबत. मी त्यांना दोष देत नाही.

उतरताना पप्पा माझ्या एक पायरी पुढे होते. जिन्यातला दिवा नेहमीसारखा मिणमिणत होता, खालून कुणाच्या तरी फोडणीचा वास येत होता. मधल्या वळणावर ते थांबले, पण वळले नाहीत. मला फक्त त्यांची पाठ आणि ती जाड मान दिसत होती.

"ती गेली तर तुला बरं वाटंल?"

मी खोटं बोलू शकले असते. त्या दोन दिवसांत मी पुरेसं खोटं बोलले होते.

"हो," मी म्हणाले.

 पप्पांनी नाकातून एक श्वास सोडला, हसल्यासारखा किंवा ओझं उतरवताना सोडतात तसा, मला तो अजून नीट ओळखता येत नाही.

"बरं," ते म्हणाले. "पर ती जायाची न्हाई. आन् तू बी न्हाई. चल खाली, भाकरी गार हुत्याल."